वाघोलीपुढचे चार सेकंद

रेवा, निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहार सहज म्हणाला, "आजोबांना शेवटी शेवटी गाडी चालवता येत नव्हती ना?" रेवाने मान हलवली. मागे उभ्या असलेल्या तुमच्या बाबानेही हलवली. तेवढ्यात इकडे कुकरची शिट्टी झाली आणि मला उठायला निमित्त मिळालं.

ते वाक्य चूक आहे. ते मीच तयार केलेलं आहे, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी कायमचं बसण्याआधी मला ते खोडायचं आहे. आजोबांना जाऊन सात आठवडेच झाले आहेत, म्हणजे अजून वेळ आहे. पुढचं सगळं मी त्यांना उद्देशून लिहिलं आहे, कारण माफी त्यांची मागायची आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तेव्हा बाबाला मोठ्याने वाचायला सांगा. त्याने मधली वाक्यं गाळू नयेत.

अहो,

कपाटं आवरून झाली. कागदपत्रं झाली, चष्मे देऊन टाकले, उरलेली औषधं दुकानात परत केली. तुमचे बूट आहेत अजून, ते कुणालाच होत नाहीत. आवरायला घेतलं की माझा हात थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आता आवरण्यासारखं काही उरलेलं नाही आणि मी फार दमले आहे.

खाली पार्किंगमध्ये गाडी आहे. आपल्या अमेयचं म्हणणं, ती एखाद्या शौकिनाला देऊन टाकावी. दोघे जण बघूनही गेले. त्यातल्या एकाने विचारलं, "मीटर चालू आहे का?" मी म्हटलं, "चालू आहे आणि बरोबरही आहे." तो हसला. म्हणाला, "आजी, एवढ्या जुन्या गाडीचा मीटर शोभेचा असतो." तुम्ही असतात तर त्याला चहा न देता घालवलं असतंत. मी चहा देऊन घालवलं.

त्याला काय सांगणार? या घरात मीटरइतका छळ कुणाचाच झालेला नाही. तुमच्या वडिलांची ती काळी विलायती गाडी वीस वर्षं ताडपत्रीखाली होती. निवृत्त झालात आणि तुम्ही ती उघडलीत. इंजिन झालं, ब्रेक झाले, गाद्या झाल्या. पण मूळ मापाचे टायर कुठे मिळेनात, आणि जे बसवले ते किंचित मोठे होते. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, पण मीटर बिचारा जुन्या चाकाच्याच हिशोबाने वेग सांगत राहतो. तुम्ही मला हे समजावून सांगायला लागलात तेव्हा मी म्हटलं, "तेहतीस वर्षं मी मुलांना पदार्थविज्ञान शिकवलंय." तुम्ही म्हणालात, "मग बस शेजारी. उपयोग होईल."

त्यावरून आपले रविवार ठरले. सकाळी सहाला कोथरूडहून निघायचं, अख्खं शहर जागं व्हायच्या आत ओलांडायचं आणि नगर रस्त्याला वाघोलीच्या पुढे जायचं. तिथे एक सरळ, सपाट तुकडा होता आणि त्यावर किलोमीटरचे दोन दगड. तुम्ही काटा तीस मैलांवर स्थिर करायचात आणि ओरडायचात, "धरला!" काटा स्टिअरिंगच्या मागे होता, मला माझ्या जागेवरून दिसत नसे. पहिला दगड माझ्या खिडकीच्या दांडीला आला की मी स्टॉपवॉच दाबायची, दुसरा आला की पुन्हा. तीस मैल म्हणजे ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर. त्या वेगाने एका किलोमीटरला पंचाहत्तर सेकंद लागायला हवेत. मी चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, गाडी न्यायची आहे, अवकाशयान नाही." हा वाद आपण अखेरपर्यंत मिटवला नाही. वहीच्या पहिल्या पानावर अजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत.

पहिल्या दिवशी सत्तर आले. म्हणजे काटा तीस दाखवत होता आणि आपण प्रत्यक्षात बत्तीसने पळत होतो. मग मीटर काढायचा आणि शनिवार पेठेत साळव्यांकडे न्यायचा. जिन्याखालचं ते दुकान, भिंतीवर बंद घड्याळं, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले साळवे. आत केसाएवढी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिच्यावर काट्याचा सगळा स्वभाव अवलंबून. साळवे चिमट्याने ती सुतभर ओढायचे आणि ड्रिल मशीनला केबल जोडून, ठरावीक फेऱ्यांनी फिरवून बघायचे. "बाई, श्वास रोखा," ते मला म्हणायचे, "ही श्वासानेही हलते." तुम्ही लगेच, "तिला बोलणं थांबवायला सांगा, श्वास राहू दे."

मग पुढच्या रविवारी पुन्हा वाघोली. सत्तरचे बहात्तर झाले. पुढे सत्त्याहत्तर, म्हणजे जास्तच ओढली गेली. असं दोन हिवाळे चाललं. अमेय फोनवर म्हणाला, "अहो बाबा, फोनमध्ये वेग दिसतो. एका मिनिटात कळेल." त्यावर आपण दोघं एकाच वेळी "नको" म्हणालो. आपलं इतकं एकमत लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असावं. तुम्ही म्हणालात, आकाशातल्या उपग्रहाला विचारून कळलेलं उत्तर आपलं नव्हे. मी म्हटलं, मोजायचं असेल तर स्वतः मोजावं. किती ऐटीत म्हटलं मी ते.

ज्या दिवशी जाताना पंचाहत्तर आणि येतानाही पंचाहत्तर आले, त्या दिवशी तुम्ही गाडी कडेला घेतलीत. थर्मासचं झाकण उघडून पहिला चहा मला दिलात. एरवी पहिला तुम्ही घ्यायचात. काम संपलं होतं. पण पुढच्या रविवारी सहाला मीच तयार होऊन बसले. "आता कशाला?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "एकदा आलेलं उत्तर योगायोगही असू शकतं." मला नुसतं फिरायला यायचं होतं, हे मी तेव्हा बोलले नाही. पन्नास वर्षांच्या संसारात असं सरळ काही बोलायची आपली पद्धत नव्हती. तुम्हीही नुसतं "हं" म्हणालात आणि किल्ली घेतलीत.

नंतर तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं आणि मग दुसऱ्याचं. ते निभावेपर्यंत रस्त्याचं रुंदीकरण निघालं आणि तो तुकडा बंद झाला. वर्षाहून जास्त काळ आपण तिकडे गेलो नाही. एवढ्या काळात अमेयच्या फोनचा सूर बदलला होता. दर आठवड्याला तेच: बाबांचं वय काय, पुण्याचा ट्रॅफिक काय, त्यांना सांग आता पुरे. तुम्ही सोसायटीच्या फाटकाला गाडी एकदा घासली होती, तेही त्याला मीच सांगितलं होतं.

रस्ता सुरू झाला तेव्हा आपण पुन्हा गेलो. तुम्ही "धरला!" म्हणालात. मी दोनदा अंगठा दाबला.

"किती?"

"एकोणऐंशी."

"शक्य नाही."

"घड्याळाला तसं वाटत नाही."

परत येताना पुन्हा एकोणऐंशी. तुम्ही गाडी थांबवलीत आणि मागे वळून बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "दगड हललाय."

"हलत नाहीत म्हणूनच दगड बसवतात," मी म्हटलं.

"अगं, तो विहिरीसमोर होता."

"कुठली विहीर?"

तुम्ही बोट दाखवलंत. तिथे सपाट मुरूम होता आणि खडीचा ढीग. विहीर नव्हती, आणि पूर्वी असल्याचंही मला आठवत नव्हतं. मी इतके दिवस जाता-येता घड्याळाकडे आणि दगडाकडे बघत आले होते, बाकी रस्ता तुमचा होता. मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुमच्या दादांचं विस्मरण असंच सुरू झालं होतं. नसलेलं दार, नसलेला जिना. मला वाटलं, आता आपल्या घरी आलं.

त्या क्षणापासून मी मोजत नव्हते, अहो. मी पुरावा गोळा करत होते.

मीटर साळव्यांकडे नेला. त्यांनी मशीनवर लावून पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे, एक रेघसुद्धा फरक नाही." घड्याळ मी स्वयंपाकघरातल्या रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं, तेही बरोबर. मीटर बरोबर, घड्याळ बरोबर, दगड तर दगडच. मग उरलं कोण? मी वर्गात फळ्यावर मांडावं तसं तुमच्यासमोर मांडलं. तुम्ही काट्याकडे बघून तीस म्हणता तेव्हा तो तीसवर नसतो. तुम्हाला नीट दिसत नाही, किंवा पाय ढिला पडतो आणि तुम्हाला कळत नाही.

तुम्ही म्हणालात, "हळू चालवतो म्हणून नवऱ्याची गाडी काढून घेणारी तू जगातली पहिली."

मी हसले नाही. एरवी हसले असते.

तरी तुम्ही हट्टाने पुढचे काही रविवार मला नेलंत. दर वेळी "धरला!" जरा जास्त मोठ्याने. दर वेळी तेच. एकदा तुम्ही म्हणालात, "टेप घेऊन उतर खाली, मोजून टाकू." बाजूने ट्रक जात होते. मी म्हटलं, "या वयात हमरस्त्यावर टेप धरून उभे राहणार आहात का?" तुम्ही वाद घातला नाहीत. अर्ध्या तासात निकाल लागला असता. प्रयोगशाळेत मी मुलांना प्रत्येक माप तीनदा घ्यायला लावत असे, अगदी पट्टीसुद्धा दुसऱ्या पट्टीशी ताडून बघायला लावत असे. आणि इथे मी गाडीतून खाली उतरले नाही. उतरायची भीती ट्रकची नव्हती. खरं सांगायचं तर मी शेजारी बसून घाबरून घाबरून थकले होते. दर आठवड्याला फोनवर उत्तरं देऊन थकले होते. मला एक कारण हवं होतं आणि आकडा आयता हातात आला होता.

मी वहीच्या पानाचा फोटो काढून अमेयला पाठवला. अकराव्या रविवारी परत आल्यावर तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा किल्ली खुंटीवरून काढून माझ्या कपाटात ठेवली. तुम्ही बाहेर आलात, रिकाम्या खुंटीकडे पाहिलंत. मी भांडणाची सगळी तयारी ठेवली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "तू मोजलंस ना? मग झालं."

भांडला असतात तर बरं झालं असतं.

पुढचे आठ महिने मी तुम्हाला बघत होते. रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसायचात आणि, दारांना कुलूप नव्हतंच, थोडा वेळ आत बसून वर यायचात. हळूहळू जिन्याचा कठडा धरायला लागलात. बसचा नंबर मला वाचायला सांगू लागलात. डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशननंतर नजर तिशीतल्या माणसासारखी आहे, तरी रस्ता ओलांडताना माझा हात शोधायला लागलात. शेजारच्या काकांनी त्यांची स्कूटर जरा मागे घ्यायला सांगितली तेव्हा म्हणालात, "नको बुवा, आता माझा अंदाज राहिला नाही." मी गॅलरीतून ते ऐकलं आणि मनात म्हटलं, बघा, मी वेळेवर ओळखलं. तुम्ही माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून म्हातारे झालात, आणि मी त्या म्हातारपणाला माझ्या आकड्याचा पुरावा समजले.

तुम्ही गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात साळवे भेटायला आले. दारातच म्हणाले, "साहेब गेले आणि मला कोणी कळवलं नाही, बाई." मी पाणी दिलं. ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "माझ्याकडून त्यांचं एक काम राहिलं. त्यांनी मला वाघोलीचे दगड मोजून यायला सांगितलं होतं. दोनदा फोन केला. माझ्या मुलीचं लग्न निघालं, मग राहूनच गेलं."

"मग तिसऱ्यांदा नाही केला?"

"केला ना. म्हणाले, राहू दे साळवे. बाई मोजण्यात चुकत नाहीत."

मी उठून कपाटातून किल्ली आणली. साळव्यांना म्हटलं, "तुम्हाला चालवता येते ना?"

गेलो आम्ही, पुढच्या रविवारी. ते तुमच्या जागेवर, मी माझ्या. काटा त्यांनी तीसवर धरला आणि त्यांच्या फोनवर अठ्ठेचाळीस दिसत होतं, न हलता. आकाशातल्या उपग्रहाला अखेर मी विचारलं, तुम्ही नसताना. दुसऱ्या दगडापाशी अंगठा दाबला. एकोणऐंशी. साळवे म्हणाले, "बाई, मीटर बरोबर, वेग बरोबर. मग?" ते 'मग' मला पुरलं. त्या दिवशी आम्ही खाली उतरलो. दगडापासून दगडापर्यंत दोरी धरत मोजत गेलो. एक किलोमीटर आणि वर त्रेपन्न मीटर भरलं. एकोणऐंशी सेकंद व्हायला बरोबर तेवढंच अंतर लागतं.

दगडाजवळ एक बाई टपरीवर चहा करत होत्या. त्यांना विचारलं. "त्यो दगड व्हय?" त्या म्हणाल्या, "त्यो वरीसभर आडवा पडला व्हता की. रस्ता झाल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी उचलला आन् हितं रोवला. हितं सावली हाय ना, म्हनून." मी विचारलं, "आणि आधी कुठे होता?" त्यांनी मुरमाच्या मैदानाकडे हात केला. "तकडं. हिरीच्या म्होरं. हीर बुजवली त्येनी."

परत आल्यावर साळव्यांनी गाडी पार्किंगमध्ये लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर मी वही उघडली. तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून ज्या पानाचा फोटो पाठवला होता तेच पान. एकोणऐंशी, एकोणऐंशी, ऐंशी, एकोणऐंशी, एकोणऐंशी. खालपर्यंत तसंच. मी नववीच्या वर्गाला दरवर्षी दुसऱ्याच आठवड्यात शिकवत असे, की चूक दोन प्रकारची असते. हात थरथरला, नजर ढळली, तर उत्तर कधी इकडे जातं कधी तिकडे. पण चूक दर वेळी एकसारखी, एकाच बाजूला, तेवढीच येत असेल तर ती माणसाची नसते, मापाची असते. पट्टी तपासा, मुलांनो. हे वाक्य मी किती वर्षं म्हटलं असेन. ज्याचा पाय ढिला पडतो त्याला कधी शहात्तर लागले असते, कधी चौऱ्याऐंशी. तुम्ही दर वेळी काटा तीसवर धरत होता आणि तो तिथेच राहत होता. ते पान ओरडून सांगत होतं आणि मी ते माझ्याच अक्षरात लिहून वाचलं नाही.

एक्क्याऐंशीव्या वर्षी पुण्यात गाडी चालवणं थांबवावं की नाही, यावर आपण अजूनही भांडू शकलो असतो. थांबवावं, असंच कदाचित माझं मत पडलं असतं. ते मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, की मला भीती वाटते, माझ्यासाठी थांबा. तुम्ही चिडला असतात, चार दिवस बोलला नसतात, आणि मग कदाचित थांबला असतात. पण तुम्ही तुमचेच राहिला असतात. मी ते बोलले नाही. मी तुम्हाला तुमच्याच डोळ्यांविषयी खोटी गोष्ट सांगितली, आणि ती आकड्यांत सांगितली म्हणून तुम्ही ती मानलीत.

हे मी अमेयला फोनवर सांगू शकले असते. पण तो लगेच म्हणाला असता, "जाऊ दे गं आई, तुझा हेतू चांगला होता." ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून लिहिलं, आणि आता तो हे मोठ्याने वाचतो आहे.

तुमच्या लेकाला आणि नातवंडांना जे माहीत असायला हवं, ते एवढंच आहे. गाडी चालू आहे. मीटर बरोबर आहे. रस्ता पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या अकरा रविवारांचे बावीस आकडे शाबूत आहेत, आणि त्यांतला एकही दुसऱ्यापासून एका सेकंदाहून जास्त ढळलेला नाही.